घराबरोबरची बाई

‘कालिंदीबाई, पाणी आणा,’ उल्हास म्हणाला, आणि ही कालिंदीबाई कोण म्हणून मी मागे वळून बघितलं.

मागे कोणी नव्हतं. पडवीत मीच उभी होते, हात माशांच्या खवल्यांनी भरलेले. कालिंदी हे माझंच नाव, पण ते रेशनकार्डावरचं. गावाला मी कालू, लहान पोरांची कालूआत्ये, आणि उल्हासला बोलता यायला लागल्यापासून त्याची आक्का. सख्ख्या धाकट्या भावाने एकदम ‘बाई’ आणि ‘आणा’ म्हटल्यावर मला नवलच वाटलं. म्हटलं, मुंबईची माणसं बरोबर आहेत, त्यांच्यासमोर जरा शहाण्यासारखं बोलत असेल. हात धुतले आणि पाणी नेऊन दिलं.

पाहुणे दोघं होते. टिपणीस म्हणून एक गृहस्थ, पांढऱ्या दाढीचे, गळ्यात कॅमेरा अडकवलेला, आणि त्यांची बायको मृणाल. उल्हास मुंबईत एका पर्यटन कंपनीत कामाला होता, तिथली ही ओळख. त्याचा मोंडकरांच्या दुकानावर फोन आला होता. ‘आक्का, मोठी माणसां येतंत माझ्यावांगडा. माशात हात आखडू नको.’ फोनवर मी आक्काच होते. मीही हात आखडला नव्हता. सकाळी बंदरावर भांडून सुरमईचा मधला तुकडा आणला होता, पेडव्यांचं तिखलं होतं, तिरफळं घालून बांगड्याची कढी होती, सोलकढी होती. भाऊ वर्षाने येतोय आणि त्याची माणसं येतायत, या आनंदात मी पहाटेपासून नाचत होते.

आमचं घर पाटखोलच्या किनाऱ्यावरचं शेवटचं. ओटी, पडवी, पुढे सारवलेलं खळं, खळ्यापुढे माडांची एक रांग, आणि मग समुद्रच. वडील गेले, मग आई गेली. माझा नवरा त्याआधीच, वडील असतानाच, गोव्याच्या ट्रॉलरवर गेला तो परत आला नाही. मेला नाही, नुसता आला नाही. तेव्हापासून मी माहेरीच. खळ्यात मांदऱ्या, म्हणजे चटया, पसरून मी मासे सुकवायचे आणि आठवड्याच्या बाजाराला नेऊन विकायचे. माझं पोट त्या खळ्यावर चालायचं आणि डोकं त्या कौलांखाली टेकायचं. यापलीकडे माझं जगात काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला नकोही होतं.

‘काय शांतता आहे हो!’ मृणालताई खळ्यात उभ्या राहून म्हणाल्या. त्यांनी डोळेच मिटून घेतले.

शांतता असणारच. होड्या पहाटे लागल्या होत्या आणि रात्रभर जाळी ओढून आलेले बाप्ये घराघरात घोरत होते. पहाटे लिलावाच्या वेळी आल्या असत्या, तर शिव्या ऐकून त्यांनी कानात बोटं घातली असती. मी तसं सांगणारच होते, पण उल्हास मध्ये बोलला.

‘इथे कायम असंच असतं, मॅडम.’

‘आणि हा वास?’ टिपणीसांनी माझ्या मांदरीवरच्या बांगड्यांकडे बोट केलं.

‘तो जाईल, सर. हे सगळं निघणार. इथे लॉन केलंत आणि हे पुढचे दोन माड काढलेत, की खाटेवर पडल्या पडल्या समुद्र.’

मी हातातला तांब्या खाली ठेवला. ‘उल्हास, काय निघणार?’

‘कालिंदीबाई, तुम्ही जेवणाचं बघा,’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

आता मात्र मला समजायचं ते समजलं. पाहुणे मासे खायला आलेले नव्हते, ते घर बघायला आले होते. माझा राग गावाला चांगला ठाऊक आहे. बाजारात एकदा वजनात मारणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या डोक्यात मी त्याच्याच तराजूचं पारडं घातलंय, आणि पोलीसपाटलाने विचारलं तेव्हा पुन्हा घालीन म्हणून सांगितलंय. पण दारात आलेलं माणूस उपाशी असताना ओटीवर तमाशा करायचा नाही, हे आईने आमच्यावर इतकं बिंबवलं होतं की माझी जीभ उचललीच गेली नाही. मी चुलीकडे गेले आणि अशा भाकऱ्या थापल्या की परात घरभर वाजत होती.

तेवढ्यात मृणालताई आत आल्या.

‘बसू का तुमच्याजवळ? काय सुंदर वास सुटलाय!’

मी पाट सरकवला. बाई चांगली होती, हे मला कबूल करावं लागेल. चुलीच्या धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं तरी उठली नाही. तिरफळं हातात घेऊन बघितली, नाकाला लावली. मग मोठ्या आपुलकीने म्हणाली, ‘तुम्ही या घरात किती वर्षं आहात?’

‘जल्मल्यापासून.’

‘हो का? म्हणजे तुमची आईसुद्धा इथेच कामाला होती?’

मी तिच्याकडे बघतच राहिले. तव्यावरच्या भाकरीला डाग पडत होते ते दिसत होतं, पण हात हलेना.

‘हयच होती,’ मी म्हटलं. ‘राबान राबान गेली.’

‘उल्हास म्हणाले तसं आम्हाला. बाई घराबरोबरची आहे, अगदी विश्वासू. तुम्ही काळजी करू नका हं, आम्ही तुम्हाला काढणार नाही. आम्ही काय, मे महिन्यात येणार, दिवाळीत चार दिवस येणार. बाकी वेळ घर तुमच्याच ताब्यात. मागची खोली तुम्हाला ठेवू आपण. पगाराचं उल्हास सांगतील तसं करू.’

भाकरी करपली. मी ती उचलून चुलीत टाकली. अन्न चुलीत टाकलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच.

मला त्या बाईचा राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. माझ्याच चुलीपुढे माझ्याच पाटावर बसून ती मला मागची खोली देत होती. पण तिला जे सांगितलं होतं ते ती बोलत होती. ज्याने सांगितलं होतं त्याला मी खिडकीतून हाक मारली आणि बावीकडे बोलावलं. आमच्या मागल्या दारी बाव, म्हणजे विहीर, आहे, तिथलं बोलणं ओटीवर ऐकू जात नाही.

‘उल्हास, मी कोण रे तुझी?’

‘हळू बोल, आक्का. ऐकतीत ते.’

बावीपाशी मी पुन्हा आक्का झाले होते.

‘ऐकांदेत. घर विकतंस?’

‘विकूचा लागता. माका थय मोठो जागो घेवचो असा. पोरां मोठी झाली. एका खोलीत चार माणसां कशी रवतंव ता तुका काय म्हायत?’

‘मगे माका सांगूक काय झाला होता?’

‘सांगलंय असता तर तू व्हय म्हटलं असतंस?’

‘नाय.’

‘मगे?’ तो म्हणाला. जणू सगळा प्रश्न सुटला.

‘आणि मी मोलकरीण कधी झालंय?’

त्याने इकडेतिकडे बघितलं. ‘आक्का, समजून घे. भयण हिस्सेदार असा म्हटला की गिऱ्हाईक पळता. तेंका भांडणाचो जागो नको असता. म्हणान मी सांगलंय, एकटोच वारस. उद्या तालुक्याक जावन तू हक्क सोडलंस, की ता खराच होताला. खोटा कोणाचा काय ऱ्हवताला?’

‘आणि मी?’

‘तुझी सोय मी आधी केलंय!’ त्याचा चेहरा उजळला. ‘तुका हयसून हलूचा लागाचा नाय. ह्याच घरात रवशीत, ह्याच चुलीर रांदशीत. आता फुकट राबतंस, मगे पगार गावतलो. माशे सुकवूचे नायत, बाजार नाय, उन्हातान्हात बसूचा नाय. माणसां देवासारखी हत. वायट काय केलंय मी?’

त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. मला सहन झालं नाही ते हेच. बहिणीचं भलं केलं, असं त्याला मनापासून वाटत होतं. लबाड माणसाच्या मुस्काटात देता येते. याचं काय करायचं?

‘ह्याच घरात आवशीन तुका जल्म दिल्यान,’ मी म्हटलं. ‘आणि तेच्या पडवीत उभो ऱ्हवान तू माका बाई म्हणतंस?’

‘दोन दिवसांचो प्रश्न असा गे. पाया पडतंय तुझ्या. आता फक्त तोंड उघडू नको.’

‘जेवण होवंदे तेंचा,’ मी म्हटलं. ‘मगे बघतंय.’

पानं वाढली. टिपणीसांनी सुरमई दोनदा मागून घेतली, सोलकढी तीन वाट्या प्यायले, ‘कालिंदीबाई, तुमच्या हाताला चव आहे’ म्हणाले. उल्हास ताटातून मान वर करत नव्हता. पण त्यालाही भूक लागली होती, आणि बांगड्याची कढी त्याच्या आवडीची. शेवटी त्याने वाटी पुढे केली. ‘बाई, थोडी कढी वाढा.’ मी वाढली. डाव वाटीवर आपटला, थोडी कढी त्याच्या पांढऱ्या शर्टावर उडाली. त्याने ती पुसलीसुद्धा नाही.

जेवण झाल्यावर टिपणीस पानसुपारी चघळत खळ्यात फिरत होते. कोपऱ्यात सुरंगीचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी काळा दगड आहे, त्याला आम्ही रोज दिवा दाखवतो.

‘हे काय आहे?’ त्यांनी विचारलं.

उल्हासला संधीच मिळाली. पर्यटकांना गोष्टी सांगणं हा त्याचा धंदाच होता. ‘हा राखणदार, सर. या जागेचा रक्षक. याला गाऱ्हाणं घातल्याशिवाय इथे कुठलाही व्यवहार होत नाही. दोनशे वर्षांची परंपरा आहे.’

दोनशे हा आकडा त्याने तिथल्या तिथे बनवला.

‘गाऱ्हाणं म्हणजे ते, व्हय म्हाराजा वालं?’ मृणालताईंनी टाळीच वाजवली. ‘अहो, मग आजच घालू या की! आपण बोलणी पक्की करतोच आहोत, तर आधी देवाला सांगू. मला फार आवडेल.’

‘होईल का तशी व्यवस्था?’ टिपणीसांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं.

‘का नाही होणार? आमचे दाजी मेतर शेजारीच आहेत.’

उल्हास शाळेत असतानाच मामाकडे मुंबईला गेला होता. गाऱ्हाणं त्याला आठवत होतं ते एवढंच, की एक म्हातारा ओरडतो, बाकीचे ओ देतात आणि मग खोबरं मिळतं. त्यात काय काय बोलावं लागतं, हे त्याला आठवत नव्हतं. मला आठवत होतं. मी आत जाऊन नारळ आणला आणि सुरंगीपाशी ठेवला.

दाजी मेतर म्हणजे जुने तांडेल, होडीवरचे मुख्य. गुडघे गेल्यामुळे होडी सुटली, पण नवं जाळं असो, नवं इंजिन असो, पोराची परीक्षा असो, गावातलं गाऱ्हाणं त्यांनीच घालायचं. दुपारच्या झोपेतून उठून आले होते, बंडी उलटी घातलेली.

‘कसला गाऱ्हाणा, उल्हास?’

‘जागेचं आहे, दाजी. साहेबांना देतोय.’

दाजींनी माझ्याकडे बघितलं. ‘कालू, तुका म्हायत असा ह्या?’

‘आता कळला,’ मी म्हटलं. ‘घाला तुमी.’

उल्हास मोठ्याने खोकला. टिपणीस कॅमेऱ्यात डोळा घालून बसले होते, त्यांचं लक्ष नव्हतं. गाऱ्हाणं म्हटल्यावर वाडीला सांगावं लागत नाही. आमच्या दगडी गडग्यापलीकडे पाच-सहा बायका येऊन उभ्या राहिल्या, कोणी भांडी घासताना उठलेली, कोणी कडेवर मूल घेऊन.

दाजींनी टोपी सारखी केली, नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले. एरवी त्यांचा आवाज चिरका, पण देवाशी बोलताना तो भरदार होतो.

‘बा राखणदारा म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ गडग्यापलीकडून आलं.

‘आज ह्या जाग्यात चार माणसां तुझ्या पायाकडे गोळा झाली हत!’

‘व्हय म्हाराजा!’

या वेळी टिपणीस नवरा-बायकोही ओरडले. मृणालताईंच्या अंगावर काटा आला होता, त्यांनी तो नवऱ्याला दाखवला.

‘ह्या जाग्याचो मूळ धनी विठोजी पराडकर! तेचो नातू केशव देवाघराक गेलो! केशवाची लेकरां आज तुझ्यासमोर उभी हत!’

‘व्हय म्हाराजा!’

‘थोरली लेक कालिंदी, जी हय रवान तुका सांजवात दाखयता! धाकटो झील उल्हास, जो पोटासाठी लांब गेलो हा!’

‘व्हय म्हाराजा!’ बायका म्हणाल्या.

टिपणीस म्हणाले नाहीत. त्यांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला आणि उल्हासकडे बघितलं. उल्हासचा चेहरा पांढरा पडला होता. गाऱ्हाण्यात घरातलं प्रत्येक जितं माणूस नावानिशी सांगावं लागतं. ज्याचं नाव सुटलं, त्याची राखण सुटली. मेलेल्यांना वेगळं सांगायचं, जित्यांना वेगळं. दाजी झोपेतसुद्धा यात चुकले नसते. पण आता दाजींना थांबवणार कोण? गाऱ्हाणं मध्येच तोडायची छाती गावात कोणाची नाही.

‘ह्या दोघांनी राजीखुशीन आपलो जागो पावण्यांच्या हवाली करूचा ठरवल्यानी हा!’ दाजी म्हणाले. ‘तेका तुझी मान्यता असांदे, म्हाराजा!’

बायका गप्प. इथे त्यांनी बोलायचं नसतं. मृणालताईंना ते काय माहीत! त्या एकट्याच भक्तिभावाने म्हणाल्या, ‘व्हय म्हाराजा!’

‘तुमी नाय, बाये,’ दाजी डोळे न उघडता म्हणाले. ‘हय घरच्यांनी म्हणूचा असता. ज्येचा असा त्येणा.’

‘व्हय म्हाराजा,’ उल्हास पुटपुटला.

‘एकाचा ऐकलंय. थोरलीचा?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टिपणीस, त्यांची बायको, गडग्यावरच्या बायका. उल्हासने माझ्यासमोर हात जोडले, छातीशी, कोणाला दिसणार नाहीत असे. त्या जोडलेल्या हातांनी मला क्षणभर गलबलून आलं. त्याच हातांना धरून मी त्याला चालायला शिकवलं होतं. तेवढ्यात माझ्या मनात आलं की हेसुद्धा तो चोरूनच करतोय.

‘नाय म्हाराजा,’ मी म्हटलं.

दाजींनी डोळे उघडले. पाटखोलमध्ये गाऱ्हाण्याला असं उत्तर कधी कोणी दिलेलं नव्हतं. कडेवरचं मूल रडायला लागलं.

‘या... कोण आहेत या?’ टिपणीसांनी विचारलं. ‘उल्हास, तुम्ही तर म्हणालात की...’

‘सर, मी सांगतो तुम्हाला. लक्ष देऊ नका. ती जरा...’ आणि उल्हासने कपाळापाशी बोट नेऊन गोल फिरवलं.

तिथे माझं डोकं फिरलं.

‘जरा काय? पुरा बोल! राखणदार ऐकतासा, तेच्यासमोर बोल! आवस दोन वर्सां अंथरुणात होती, तिचा हगला-मुतला काढलंय ती मी कोण? तेराव्याक इलंस आणि चौदाव्याक गाडीत बसलंस, तेवा मागे दिवो लावक ऱ्हवलंय ती मी कोण? बाई? घर विकूक काढलंस ता काढलंस, माकाय विकलंस! माडांबरोबर, बावीबरोबर, माकाय दाखवलंस गिऱ्हाईकाक!’

‘गप बस!’ उल्हास ओरडला. त्याची मुंबईची भाषा कुठच्या कुठे पळाली. ‘तुझा काय असा हय? घोवान टाकल्यान म्हणान बापाशीन ठेवून घेतल्यान तुका! उपकार म्हणान!’

गडग्यापलीकडे कोणीतरी ‘शी रे मेल्या’ म्हणालं. मी त्याच्या अंगावर धावलेच असते, पण दाजी मध्ये आले, नारळ छातीशी धरून.

‘तोंडां आवरा दोघांय! म्हाराजाक उभो करून भांडतास?’

टिपणीस एव्हाना गाडीकडे निघाले होते. शहाणा माणूस. मृणालताई मात्र माझ्यापाशी थांबल्या. त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं, आता ही बाई माफी मागणार, आणि माझा राग थोडा निवलाही.

‘तुम्ही मला चुलीपाशीच सांगायला हवं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘मी तुमच्याशी इतकं मोकळेपणाने बोलले. केवढ्या लांबून आलो आम्ही! आमचा सगळा दिवस फुकट गेला.’

‘पोटभर जेवलात ना?’ मी म्हटलं. ‘मगे फुकट खय गेलो?’

त्या गेल्या. गाडी वळताना माझ्या एका मांदरीवरून चाक गेलं, बांगडे चिरडले. गाडी थांबली नाही.

उल्हास सुरंगीपाशी उकिडवा बसला होता, दोन्ही हातांत डोकं धरून. गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. मी बांगडे गोळा करायला वळले, तर दाजींनी हाक मारली.

‘कालू, खय जातंस? गाऱ्हाणा अर्धा असा.’

‘आता कसला गाऱ्हाणा?’

‘म्हाराजाक हाक मारली, तो उभो असा. तेका तसोच ठेवन जावचा नसता. पयला मागणा मोडला, तर दुसरा मागूक होया. मगेच नारळ फोडूचो.’ दाजी खरोखर अडचणीत सापडले होते. त्यांच्या हातून इतक्या वर्षांत एकही गाऱ्हाणं अर्धवट राहिलं नव्हतं. ‘तू थोरली. मोडलंस ता तू मोडलंस. आता काय मागू ता तूच सांग.’

मी सुरंगीखाली जाऊन उभी राहिले. काय मागायचं? घर मागायचं तर ते माझंच होतं. दगडाकडे बघितलं, मग खाली बसलेल्या भावाकडे बघितलं. त्याच्या शर्टावर कढीचा डाग होता.

‘माझ्या भावाक सुखात ठेव, म्हणान सांगा,’ मी म्हटलं.

उल्हासने मान वर केली.

‘तेका मुंबैक मोठो जागो गावांदे. पोरां शिकांदेत. बायलेक बरा ऱ्हवांदे. कशाक म्हणान कमी पडाक नको.’

गडग्यावरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मोंडकरांची सून म्हणाली, ‘काय झाला तरी रगात गे!’ उल्हास उठून उभा राहिला. तो रडत होता, आणि रडता रडता माझ्याकडे एक पाऊल टाकलं त्याने. दाजींनी समाधानाने घसा खाकरला आणि टोपीला हात लावला.

‘थांबा,’ मी म्हटलं. ‘माझा सांगून झाला नाय. जा काय होवचा ता थयच होवंदे. ह्या जाग्यात तेचो पाय परत लागाक नको.’

दाजींचा हात टोपीवरच राहिला. ‘कालू, भावासाठी असा मागूचा नसता गे.’

‘तुमी विचारलास. मी सांगलंय.’

‘परत एकदा विचार कर. एकदा तोंडातसून गेला की माका मागे घेवक येवचा नाय.’

‘सकाळपासून विचारच करतंय, दाजी.’

दाजींनी नारळ पुन्हा दोन्ही हातांत सारखा धरला. मग त्यांनी डोळे मिटले, आणि मी सांगितलं ते सगळं त्या भरदार आवाजात सांगितलं. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. भावाचं सुख सांगितलं, मोठा जागा सांगितला, पोरं सांगितली, आणि मग पाय न लागण्याचंही सांगितलं.

गडग्यापलीकडे एकदम कोणी ओ दिली नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग एकीने दबक्या आवाजात सुरुवात केली आणि बाकीच्यांनी तिला धरून म्हटलं, ‘व्हय म्हाराजा!’ त्या आवाजांत एक आवाज बाप्याचा होता. उल्हासचा. लहानपणी इतक्या वेळा म्हटलेलं, दाजींचा सूर खाली आला की तोंड आपसूक बोलतं. म्हणून झाल्यावर त्याने तोंडावर हात ठेवला.

दाजींनी नारळ फोडला.

संध्याकाळच्या गाडीने उल्हास गेला. मी त्याला निरोप दिला नाही आणि त्याने मागितला नाही. त्याला आता खूप वर्षं झाली. त्याने मुंबईकडे मोठी जागा घेतली, मुलगा इंजिनिअर झाला, मुलगी चांगल्या घरात पडली, बायको सुखात आहे. जाणारी-येणारी माणसं मला हे सगळं सांगतात, आणि सांगताना माझ्या तोंडाकडे बघतात. घर अजून दोघांच्या नावावर आहे. खळ्यात अजून मासे वाळतात. तो आलेला नाही. मोंडकरांच्या घरच्या लग्नकार्याला वाडीपर्यंत आला होता म्हणतात, गडग्यापाशी थांबला आणि मागे फिरला.

याच राखणदाराकडे मी नवरा परत येऊ दे म्हणून मागितलं होतं. आईला वाचव म्हणून मागितलं होतं, तेही रोज, दिवा लावताना. तेव्हा त्याने ऐकलं नाही. रागाच्या भरात मागितलेलं एवढंच मात्र त्याने शब्दन् शब्द ऐकलं.